छत्री, चोरी आणि मनातला हेतू

वाईट कृत्य घडले एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही. बहुतेक गुन्ह्यांत त्यामागे दोषी मनही लागते. लग्नघरातून निघताना कुणी दुसऱ्याची छत्री आपलीच समजून उचलली, तर ती चोरी नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला अप्रामाणिक हेतू हवा. मात्र घरी गेल्यावर चूक लक्षात येऊनही छत्री लबाडीने ठेवून घेतली, तर कलम ३१४ खालील अपहार होतो. छत्री तीच, फरक पडतो तो मनात. ‘कायदाच ठाऊक नव्हता’ ही सबब मात्र चालत नाही.

सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. आरोपीला सहसा आपले निर्दोषत्व सिद्ध करावे लागत नाही. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला आणि शिक्षा नाही, तसेच कृत्य घडले तेव्हा जो गुन्हाच नव्हता त्याबद्दल नंतर शिक्षा नाही, ही हमी राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मध्ये आहे. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधीच्या गुन्ह्यांना १८६० ची भारतीय दंड संहिताच लागू होते.