‘डिलन’ की ‘डलन’?

बॉब डिलन तुमच्या प्लेलिस्टमध्ये असो वा नसो, नाव तर नक्की ऐकलं असेल. २०१६ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं आणि ‘गाणाऱ्याला कसं काय?’ म्हणून जगभर वाद रंगले. पण ‘डिलन’ हे त्याचं जन्मनाव नाहीच. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या या रॉबर्ट झिमरमनने १९६२ मध्ये कायदेशीररीत्या नाव बदललं. ते सुचलं कसं, यावर त्याने अनेक वर्षं उलटसुलट उत्तरं दिली. शेवटी २००४ च्या आत्मचरित्रात सांगून टाकलं, की डिलन थॉमस या कवीच्या कविता वाचनात आल्या होत्या. आपला इंटरेस्ट या दुसऱ्या डिलनमध्ये आहे.

डिलन थॉमसचा जन्म १९१४ चा, वेल्समधल्या स्वॉन्सी शहरातला. वडील शाळेत इंग्रजी शिकवायचे. मुलासाठी त्यांनी नाव शोधलं ते थेट ‘माबिनोगी’ या मध्ययुगीन वेल्श कथांमधून. तेव्हा हे नाव कोणी फारसं ठेवतही नव्हतं.

ती कथा भन्नाट आहे. माथ नावाच्या राजाला अरियनरॉडच्या कौमार्याची परीक्षा घ्यायची असते. तो तिला आपली जादूची कांडी ओलांडायला लावतो. ती पाऊल टाकते आणि तिथेच एक सोनेरी केसांचा मुलगा जन्माला येतो! राजा त्याचा बाप्तिस्मा करून नाव ठेवतो, आणि बाळ तडक समुद्राकडे निघतं. पाण्यात शिरताच ते माशासारखं पोहू लागतं. त्याच्याखाली लाट कधी फुटलीच नाही, असं कथा सांगते. म्हणून तो लाटेचा मुलगा. नावाचं मूळही भरतीच्या वेल्श शब्दाशी जोडलं जातं. म्हणजे आपल्याकडच्या सागर किंवा अर्णवचा लांबचा भाऊच म्हणा. पुढे सख्ख्या मामाच्याच हातून तो मारला जातो, आणि कथा ते एका ओळीत उरकते. (मला तर त्याच्यावर अख्खी वेबसीरिज हवी होती.)

आता खरी गंमत उच्चाराची. वेल्शमध्ये या नावातला पहिला स्वर आपल्या ‘अ’सारखा आहे. म्हणजे ‘डलन’. इंग्रजी स्पेलिंग बघून हे कळणं अशक्य. आपल्या देवनागरीत मात्र किती सहज लिहिता येतं बघा! पण थॉमसच्या आईला धास्ती होती, की पोरं त्याला ‘डल’ म्हणून चिडवतील. मोठेपणी त्याने स्वतःच ‘डिलन’ पसंत केलं. बीबीसीवर निवेदक वेल्श पद्धतीने नाव घ्यायचे, तेव्हा ‘डिलन म्हणा’ असं त्याने सांगितलं होतं.

त्याचे आई-वडील दोघंही वेल्श बोलायचे. मुलांना मात्र त्यांनी इंग्रजीतच वाढवलं, उच्चार सुधारावेत म्हणून खास शिकवणीलाही पाठवलं. पुढे जायचं तर इंग्रजीच हवी, हा हिशोब. १९११ च्या जनगणनेत वेल्समधले सुमारे ४३ टक्के लोक वेल्श बोलत होते. २०२१ मध्ये उरले १७.८ टक्के. ज्या बापाने वेल्श पुराणातून इतकं अस्सल नाव हुडकून काढलं, त्याच्याच मुलाला ती कथा मूळ भाषेत वाचता आली नसती. त्या बापाला नावं ठेवण्याआधी मी जरा थांबले. घरी मराठी, पण ‘मुलाशी इंग्लिशमध्येच बोला’ असं बजावणारे आणि मुलाचं नाव हौसेने ‘शिवांश’ ठेवणारे आईबाबा तुमच्याही बिल्डिंगमध्ये असतील.

डिलन थॉमस १९५३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गेला, वय अवघं ३९. काही वर्षांनी झिमरमनने नाव उचललं ते थॉमसच्याच आवडत्या उच्चारासकट, आणि ‘डिलन’ जगभर झालं. वेल्श बोलणाऱ्या घरांत मात्र एखाद्या डिलनला जेवायला हाक मारतात, ती आजही ‘डलन’ अशीच ऐकू येते.