पाऊणकीचा पाढा आणि मालवणची होडी

आमचा जालना जिल्हा पाण्याच्या बाबतीत अगदीच पोरका आहे, असे कोणी म्हणू नये. दक्षिणेच्या सीमेवरून गोदामाई वाहते, दुधना आहे, पूर्णा आहे, खुद्द शहरातून कुंडलिका जाते. परंतु ही नावे नकाशात जितकी निळी दिसतात तितकी ती उन्हाळ्यात पाहावयास मिळत नाहीत. १९७२ चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आणि २०१२-१३ चा आम्ही. त्या साली जालना शहराने टँकरच्या वाटेकडे डोळे लावून दिवस काढले. तेव्हा अशा मुलखातला मराठीचा प्राध्यापक होडी भाड्याने घेऊन, तोंडावर काचेचा मुखवटा चढवून, समुद्राचा तळ पाहावयास जातो म्हटल्यावर शेजारीपाजारी हसले तर त्यांचा दोष नाही. “सर, आपल्याकडं विहिरीचा तळ फुकट दिसतो की!” असे आमच्या शेजाऱ्यांनी निघताना ऐकवलेच.

या प्रकाराला स्नॉर्केलिंग म्हणतात. शब्द मूळ जर्मन. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या बुडालेल्या अवस्थेत एक नळी पाण्याबाहेर काढून हवा घेत, तिचे हे नाव. आपल्या तोंडात धरावयाची नळी वीतभराहून थोडी अधिक असते. ती दोन हात लांब करून तळाशी का जाऊ नये, असा प्रश्न माझ्या मुलाने केला, आणि प्रश्न रास्त होता. कारण असे की, मीटरभर खोल गेले की पाण्याचा दाब छातीवर इतका बसतो की वरची हवा आत ओढणे फुप्फुसांना झेपत नाही. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली हवा अडकून राहते आणि तीच पुन्हा आत येते. म्हणून पालथे तरंगावे आणि वरूनच पाहावे.

मुखवटा हवा तो डोळे आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा पडदा राहावा म्हणून. त्यावाचून पाण्यात सारे धुरकट दिसते. मात्र या काचेतून दिसते त्यात एक फसगत आहे. पाण्यातून येणारा प्रकाश हवेत शिरताना वाकतो, त्यामुळे वस्तू असते त्याच्या पाऊणपट अंतरावर भासते, आणि अर्थातच मोठी भासते. चार हातांवरचा खडक तीन हातांवर वाटतो. हात लावायला जावे तर लागत नाही, आणि लावू नये हेच उत्तम. ते पुढे येईलच.

महाराष्ट्रात हे सुख घेण्याचे ठिकाण म्हणजे मालवण. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू केले. त्या बेटाभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे, आणि प्रवाळ आहे तेथे रंगीत मासे आहेत. १९८७ साली तेथील सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. किल्ल्याभोवतीचा आणि जवळच्या पद्मगडाभोवतीचा भाग हा त्याचा गाभा. २०२५ च्या जुलैत सिंधुदुर्ग इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हापासून तर धक्क्यावरची वर्दळ विचारू नका.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. होडी भाड्याने घ्यावयाची म्हणजे नेमके काय घ्यावयाचे? आम्ही घाटावरची माणसे होडीकडे टांग्यासारखे पाहतो. भाव ठरवावा, बसावे आणि “चला” म्हणावे. मालवणच्या किनाऱ्यावर दोन दिवस घालविल्यावर माझे मत असे झाले आहे की, होडी ही भाड्याच्या जिनसांपैकी सर्वांत कमी महत्त्वाची. पूर्वी लाकडी होड्या असत, तोल राहावा म्हणून बाजूला उलांडी बांधलेली. आता फायबरच्या होड्या आल्या, मागे इंजिन आले. पण पैसे आपण मोजतो ते तांडेलाच्या डोळ्यांचे. पाणी कधी निवळ असते, वारा कधी फिरतो, खडक कोठे डोके काढतो, हे त्या डोळ्यांना दिसते आणि आपल्याला नाही.

आम्ही गेलो तो दिवस कार्तिक शुद्ध नवमीचा. दिवाळीची सुटी, सोबत पत्नी, दोन मुले आणि अंबडकडच्या मोसंब्यांची एक पिशवी. धक्क्यावर एक वयस्क तांडेल जाळ्याची गाठ मारीत बसले होते. त्यांच्याकडेच आम्ही होडीची चौकशी केली. त्यांनी मान वर न करता विचारले, “पोहता येता?” मी म्हटले, “विहिरीत येते.” आमच्याकडे मुलाच्या पाठीला कोरडा भोपळा नाही तर पत्र्याचा डबा बांधून त्याला विहिरीत ढकलीत, माझे शिक्षण तेच. यावर ते गालात हसले. मग उठून त्यांनी पाण्याकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले आणि म्हणाले, “आज नाय, मास्तरांनू. रातभर वारो होतो, पाणी ढवळलेला हा. काय एक दिसूचा नाय. पैशे माका मिळतले, पन तुमका काय मिळतला? उद्या सकाळी येवा.”

दोन दिवसांसाठी शेकडो किलोमीटर ओलांडून आलेल्या माणसाला “उद्या या” हे शब्द कसे लागतात, ते सरकारी कचेरीत खेटे घातलेल्यांना सांगायला नको. शेजारीच दुसरा एक तरुण होडीवाला उभा होता. तो लगेच निघावयास तयार होता, आणि तेही कमी पैशांत. मुले त्याच्या होडीकडे वळलीसुद्धा. मी पत्नीकडे पाहिले. ती म्हणाली, “अहो, पदरचं नुकसान सोसून ज्याला नको म्हणता येतं, त्याच्याच होडीत बसावं माणसानं.” मुलांचे चेहरे पडले, पण निर्णय झाला.

आमच्या मुलखात विहीर खणण्याआधी पाणाड्याला बोलावतात. तो शिवारातून फिरतो, एका जागी थांबतो आणि “इथं लागेल” म्हणतो. त्याचे मानधन ‘लागेल’ या शब्दाचे. ‘नाही’ म्हणणारा पाणाड्या उपाशी मरेल. येथे समुद्रावर मला पाण्याचा दुसरा जाणकार भेटला, ज्याची खरी किंमत त्याच्या ‘नाय’मध्ये होती. ही चैनीची गोष्ट आहे असे समजू नये. २४ मे २०२२ रोजी याच किनाऱ्यावर तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. पाणी तळापर्यंत दिसते, म्हणून ते निरुपद्रवी असते असे नाही.

तो दिवस आम्ही सिंधुदुर्गात घालवला. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोडे! आमच्या मुलांनी दुधना नदी कोरडी पाहिलेली. त्यांना समुद्राच्या पोटात भरलेली दूधबाव दाखवताना मला उगीचच संकोचल्यासारखे झाले.

संध्याकाळी तांडेल पुन्हा भेटले. मोसंबी सोलता सोलता त्यांनी मुलांना भरतीचे गणित शिकवले. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणकी सहा, म्हणून सहाच्या सुमारास. दशमीला दहा पाऊणे साडेसात. तेथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण, पाणी फार चढते आणि फार उतरते, ओढ जबर आणि तळचा गाळ वर. अष्टमीच्या पुढचे दोन-तीन दिवस भांगाचे, ओढ मंद, पाणी त्यातल्या त्यात निवळ. “उद्या दशमी. साडेसातची भरती. आठाक निघूया.” पाऊणकीचा पाढा आता शाळांतून गेला, पंचांग आणि पाढा यांवर समुद्राचे वेळापत्रक चालते हे पाहून माझ्या मुलाने तो रात्री पाठ केला. इंग्रजी शाळेच्या फीमध्ये हे बसत नाही.

दशमीला आठ वाजता निघालो. तांडेलांनी प्रत्येकाच्या अंगात जॅकेट चढवले, बंद स्वतः ओढून पाहिले. हा आमचाच जुना भोपळा, नव्या अवतारात. समुद्राचे पाणी खारट, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार. म्हणून विहिरीपेक्षा ते माणसाला अधिक सहज उचलते. होडी खडकाजवळ आली, पण खडकावर गेली नाही. पंचवीस-तीस हात अलीकडे, वाळूच्या पट्ट्यावर त्यांनी नांगर सोडला. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, “नांगर पोवळ्यार पडलो, की ता मेला.”

मुखवट्यात थुंकून, खंगाळून, मी पाण्यात उतरलो आणि तोंड खाली घातले. पहिली दोन मिनिटे केवळ स्वतःच्या श्वासाचा घरघराट. मग नजर बसली. शेवाळी रंगाचा एक घुमट, वर घड्या पडलेला, जणू कोणी भला मोठा अक्रोड ठेवला आहे. त्याभोवती अंगावर काळे पट्टे असलेल्या पिवळसर माशांचा घोळका. एका फटीत साळिंदरासारखे काटे उभारलेला काळा गोळा. एक निळा-हिरवा मासा खडकाला तोंड लावून टोकरीत होता, आणि त्याचा कुरकुर आवाज मला पाण्यात स्वच्छ ऐकू येत होता.

तो अक्रोड म्हणजे दगड नव्हे. ती लहान लहान जीवांची वसाहत. त्यांनी पिढ्यान् पिढ्या चुना साठवून बांधलेला वाडा. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि यजमानाला भाडे म्हणून देते. समुद्र नेहमीपेक्षा तापला की हे प्रवाळजीव भाडेकरूला बाहेर काढतात आणि स्वतः पांढरे पडतात. उष्णता टिकली तर उपासमारीने मरतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणच्या प्रवाळावर हा पांढरेपणा नोंदवला आहे, आणि बेबंद पर्यटनाचा उपद्रवही. समुद्राचे तापमान तुम्हा-आम्हाला एका दिवसात उतरवता येणार नाही. परंतु पाय कोठे ठेवायचा हे आपल्या हातात आहे. दमलेला माणूस आधारासाठी खडकावर उभा राहतो आणि अनेक वर्षांचे बांधकाम टाचेखाली मोडते. म्हणून दम लागला तर पाठीवर वळावे, जॅकेट आहेच. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा तर मुळीच आणू नये. २००१ पासून प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे वाघासारखेच संरक्षण आहे.

वाचकांपैकी ज्यांना जावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. पावसाळ्यात हा खेळ बंद असतो. दिवाळीनंतर पाणी निवळू लागते. पंचांग पाहून अष्टमी ते एकादशीचा सुमार साधावा आणि वेळ सकाळची निवडावी, कारण दुपारनंतर वारा उठतो. एक दिवस हाताशी राखावा, म्हणजे “उद्या या” ऐकताना जिवावर येत नाही. भाडे माणशी की होडीमागे, मुखवटा आणि नळी त्यात धरली आहे की नाही, हे आधी बोलून घ्यावे. परवाना आहे का, किती माणसांचा, आणि जॅकेटे तेवढी आहेत का, हे विचारण्यात भिडस्तपणा नको. शेवटी विचारावे, “नांगर कुठे टाकणार?” जो वाळूवर म्हणेल त्याच्याशी घासाघीस करू नये.

आणि जाताना मोसंबी न्यावीत. आम्ही निघताना तांडेलांच्या घरून पिशवी परत आली ती कोकमांनी भरलेली. आमटीत ती अजून पुरत आहेत.