एक वायर, तीन आवाज

मंडईची, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेची रात्र, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं एक गाव. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड एका कडेला मांडलेले. त्यांच्यालगत साउंडवाल्या भाऊंचा मिक्सर आणि शेजारी माझा लिनक्सवर चालणारा लॅपटॉप. प्रत्येक माइकला मिक्सरवर स्वतंत्र बटण होतं, लॅपटॉपकडून मात्र एकच वायर जात होती. विजेचा कडकडाट, पार्श्वसंगीत आणि ऑक्टोपॅडवर वाजणारा नगारा, असे तीन प्रोग्रॅमचे आवाज तिच्यातूनच बाहेर पडायचे होते.

जुन्या लिनक्समध्ये हे अवघड होतं. बहुतेक साउंड कार्डं एका वेळी एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात जात. दुसऱ्याला ‘कार्ड व्यस्त आहे’ एवढंच उत्तर मिळे. मग मध्ये एक वाटप करणारा बसवला गेला. 2007 साली फेडोरा 8 या लिनक्समध्ये पल्सऑडिओ हा असाच वाटप करणारा आला. वादकांसाठी पॉल डेव्हिस यांचं जॅक वेगळं होतं. विम टायमन्स यांच्या पाइपवायरने ही दोन्ही कामं एकत्र आणली आणि 2021 मध्ये फेडोरा 34 ने ते स्वीकारलं.

हा वाटप करणारा मुळात आकड्यांची बेरीज करतो. इथे आवाज म्हणजे सेकंदाला 48,000 आकडे. सीडीवरचं गाणं 44,100 चं, म्हणून आधी त्याचा वेग जुळवून घ्यावा लागतो. सोळा बिटांचा आकडा 32,767 च्या वर जात नाही. कडकडाटाचे 30,000 आणि नगाऱ्याचे 20,000 एकत्र आले की लाटेचा माथा सपाट कापला जातो. पहिल्याच अंकात भाऊ वळून म्हणाले, “आवाज फाटते.” पाइपवायर बेरीज दशांशात करतं, त्यामुळे आत काही तुटत नाही, पण शेवटी कार्डाच्या मापात बसवावंच लागतं. मी दोन्ही आवाज उतरवले.

खरी अडचण वेळेची होती. आकडे गठ्ठ्यागठ्ठ्याने जातात. 1,024 चा गठ्ठा म्हणजे 21 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात हवेतला आवाज सात मीटर जातो. कडकडाटाला त्याने काही फरक पडत नाही. ऑक्टोपॅडवाल्या पोराला मात्र आपला ठोका तबल्यामागे पडतोय हे लगेच कळलं. गठ्ठा 128 वर आणला, तर उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत आला. पण आता बेरीजही तीन मिलिसेकंदांत व्हायला हवी होती. रेकॉर्डिंग सुरू करताच जुना प्रोसेसर मागे पडला आणि भोंग्यातून चर्र असा आवाज आला.

पाइपवायरमध्ये एका कार्डावरच्या सगळ्यांची फेरी एकच असते. सर्वात घाईचा जो, त्याच्या मागणीने तिचा वेग ठरतो आणि निवांत असलेल्या कडकडाटालाही त्याच वेगाने जागं व्हावं लागतं. मला ही रचना न्याय्य वाटते, कारण उशीर वादकाच्या हाताला जाणवतो.

शेवटी गठ्ठा 256 वर ठेवला. उशीर पाच मिलिसेकंद, म्हणजे दोन मीटरच्याही आत. पोरगा तबलजीपासून साधारण तेवढ्याच अंतरावर बसला होता. त्याने नगाऱ्याचा एक तुकडा वाजवून पाहिला, तबलजीकडे बघितलं आणि पुढच्या प्रवेशाला हात तयार ठेवले.