लेप्टिन: एमएसची खूण किती भरवशाची?
चरबी म्हणजे निव्वळ साठवण नव्हे, हे १९९४ मध्ये लेप्टिन सापडल्यावर ठळक झाले. चरबीतून स्रवणारे हे हार्मोन रोगप्रतिकारक टी-पेशींना दाहाकडे झुकवते. लेप्टिन नसलेल्या उंदरांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मज्जासंस्थेच्या आजारासारखा विकार सहजी उद्भवत नाही. मग रक्तातल्या लेप्टिनवरून एमएस ओळखता येईल? अशी चाचणी भरवशाची नाही, हा आक्षेप रास्त आहे: लेप्टिन स्त्रियांमध्ये, स्थूल व्यक्तींमध्ये आणि रात्री मुळातच जास्त असते, उपवासाने घटते. पण किशोरवयातला लठ्ठपणा एमएसचा धोका वाढवतो. म्हणजे वजन हा मोजणीतला नुसता अडथळा नाही, आजाराच्या कारणांतलाही एक दुवा आहे. म्हणून लिंग आणि बीएमआय जमेस धरून, एकाच रुग्णात ठरल्या वेळी पुन्हापुन्हा केलेली मोजणी अधिक बोलकी ठरावी. मज्जातंतूंची इजा दाखवणाऱ्या न्यूरोफिलामेंट या प्रथिनाला ती पूरक ठरू शकेल, पर्याय नव्हे. निदानाचा मुख्य आधार लक्षणे आणि एमआरआय हाच.