चेलो ऐकू यावा म्हणून

सकाळी ६.४०
बर्लिनच्या कडेला विटांचं एक जुनं चर्च. फेब्रुवारी महिना, बाहेर अजून काळोख. ट्यूनरबाई गाडी लावतात, मागचं दार उघडून अवजारांची पेटी उचलतात. एका खांद्याला पेटी, दुसऱ्या हातात थर्मास. वय छप्पन. पियानो बांधायचं आणि दुरुस्त करायचं शिक्षण जर्मनीत साडेतीन वर्षांचं असतं. कारखान्यात उमेदवारी करायची आणि मधूनमधून लुडविग्सबुर्गच्या शाळेत जायचं. बाईंनी तेच केलं, आणि तेव्हापासून त्या हेच काम करतायत.

आत एका अल्बमचं ध्वनिमुद्रण चाललंय. संगीतकार ब्राम्सचे चेलो आणि पियानोसाठीचे दोन्ही सोनाटा, मध्ये शूमानच्या छोट्या रचना. तीन दिवस ठरलेत, आज दुसरा. आजचं काम म्हणजे ब्राम्सचा दुसरा सोनाटा, ओपस ९९.

६.५५
चर्चचा कर्मचारी हीटर बंद करून जातो. रात्रभर चालू होता, पण त्याच्या पंख्याची घरघर माइक पकडतो. आता संध्याकाळपर्यंत बंद. बाई मापकाकडे बघतात आणि वहीत लिहितात: तापमान १८ अंश, आर्द्रता ४३ टक्के. दुपारी पारा पंधरा-सोळावर येणार. तारा त्याबरोबर हलणार.

पियानो स्टाइनवेचा, डी मॉडेल. लांबी २७४ सेंटिमीटर, वजन ४८० किलोच्या आसपास. भाड्याचा आहे. परवा तीन माणसांनी पाय काढून, कुशीवर घालून, पट्ट्यांनी बांधून आणला. भाडं आणि वाहतूक मिळून हजार युरोंच्या पुढे गेलं.

७.०५
लाल फेल्टची लांब फीत तारांमध्ये खोचायला सुरुवात. पियानोच्या मधल्या आणि वरच्या भागात एका स्वराला तीन-तीन तारा असतात. फितीमुळे कडेच्या दोन गप्प होतात, मधली एकटी बोलते. बाई नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरतात. ४४२ हर्ट्झ. चेलोवाल्या मुलीने हाच ‘ए’ मागितलाय.

मग चावी. हातभर लांबीचा दांडा, टोकाला तारकेच्या खाचांचं तोंड. ते खुंटीवर बसवायचं आणि मनगट जेमतेम हलवायचं. खुंटी नुसती फिरवून भागत नाही, ती लाकडात बसावी लागते. नाही बसली तर वाजवणाऱ्याने दोन जोराचे आघात दिले की तार उतरते. म्हणून एकेक स्वर लागला की बाई ती पट्टी तीन-चार वेळा ठणकावून वाजवतात. दगडी भिंतींवरून आवाज परत येतो. त्या थांबतात, ऐकतात, पुन्हा मनगट हलवतात.

त्या ऐकतात ती थरथर. मधल्या भागातला ‘एफ’ आणि त्यावरचा ‘ए’ एकत्र वाजवला की सेकंदाला सातएक थरथरी यायला हव्यात. षड्ज-पंचमासारखी जोडीसुद्धा अगदी निश्चल ठेवायची नसते, किंचित डोलती ठेवायची. बाराही स्वरांत थोडा थोडा बेसूर सारखा वाटून द्यायचा, तेव्हा कुठे सगळ्या सुरावटी या एका वाद्यावर वाजवता येतात. एकूण तारा दोनशे तीसच्या वर. दीड तास जातो. मध्ये एकदाच थर्मास उघडतो.

८.३५
आता आजचं खरं काम. बाई पट्ट्यांच्या कडेचे लाकडी ठोकळे काढतात आणि पियानोची सगळी यंत्रणा, ८८ हातोड्यांसकट, खणासारखी पुढे ओढतात. ओढताना एकाही पट्टीवर बोट पडता कामा नये. पट्टी दबली तर हातोडी वर उठते, वरच्या कडेला अडकते आणि तिची दांडी मोडते. बाईंचे दोन्ही अंगठे बाजूच्या लाकडावर आहेत, बोटं हवेत.

हातोडी म्हणजे लाकडाच्या गाभ्यावर ताणून बसवलेली दाट लोकर. तारेवर आपटून आपटून ती घट्ट होते, तिच्यावर चरे पडतात, आवाज टणक होतो. बाई एक छोटं अवजार काढतात. लाकडी मूठ आणि टोकाला तीन सुया. हातोडीच्या खांद्यात सुया खुपसायच्या, जिथे ती तारेला लागते त्या माथ्यावर नाही. दोनदा, तीनदा. यंत्रणा आत ढकलायची, वाजवून बघायचं, पुन्हा बाहेर. मिरजेतला कारागीर तानपुऱ्याची जवारी काढताना घोडी कणाकणाने घासतो आणि दर वेळी तार छेडून बघतो, तसलंच हे काम. एक टोचा जास्त झाला तर लोकर मेली. मग ती हातोडी त्या दिवसापुरती गेलीच.

आज सुया मधल्या आणि खालच्या भागात चालतायत. चेलो तिथेच बोलतो. मोठ्या दालनात मागच्या रांगेपर्यंत पोचायला बांधलेला हा पियानो चेलोला सहज गिळतो. ब्राम्सच्या व्हिएन्नातल्या घरी श्ट्रायखर कंपनीचा १८६८चा पियानो होता. त्याची घडण आणि आवाज आजच्यापेक्षा हलका. तरी तक्रार तेव्हाही होतीच. पहिला सोनाटा, ओपस ३८, ब्राम्सने योझेफ गेन्सबाखर या गायनशिक्षकाला अर्पण केला. तो हौसेने चेलो वाजवायचा. एकदा दोघं वाजवत असताना ब्राम्सचा पियानो इतका जोरात चालला होता की मला माझा चेलो ऐकूच येत नाही, असं गेन्सबाखर ओरडला. तुझं नशीब चांगलं, असं ब्राम्स म्हणाल्याची गोष्ट सांगतात. बाईंना ती ठाऊक आहे. सुई न थांबवता त्या म्हणतात, “त्यावर इलाज करायचे मला पैसे मिळतात.”

९.४५
वादक येतात. चेलो वाजवणारी तिशीतली, पाठीवर पेटी. पियानोवादक तिच्याहून थोडा मोठा, खिशात ऊब देणाऱ्या दोन पिशव्या. ती चेलोची पोलादी दांडी फळीच्या भोकात रोवते. गजाचे घोड्याचे केस मागच्या आठवड्यात बदललेत, त्याला ऐंशीएक युरो पडले. ‘ए’ची तार सत्तरची. तीही चार दिवस आधीच चढवली, कारण नवी तार सारखी उतरत राहते.

१०.१०
मुख्य दोन माइक उंच स्टँडवर, दोन जवळचे. केबल दाराखालून पाद्र्यांच्या कपडे बदलायच्या खोलीत जातात. तिथे टोनमाइस्टर बसलाय, पुढ्यात स्वरलिपी आणि रंगीत पेन्सिली. ध्वनिमुद्रण करणाऱ्यानेही स्वरलिपी वाचली पाहिजे, हार्मनी शिकली पाहिजे, स्वतः वाद्य वाजवलं पाहिजे, अशी तिकडची रीत. डेटमोल्डला या कामाचं रीतसर शिक्षण १९४९ साली सुरू झालं.

दोन मिनिटं वाजवून सगळे ऐकायला जातात. सोनाटाच्या सुरुवातीलाच पियानो थरथरत्या स्वरांचा गालिचा पसरतो आणि चेलो त्यावरून उड्या घेत येतो. उड्या बुडतायत. पियानोचं झाकण उतरवू का, असं पियानोवादक विचारतो. टोनमाइस्टर मान हलवतो, आवाज काळवंडेल. चेलोची खुर्ची वीतभर पुढे सरकते. बाई म्हणतात, “दहा मिनिटं द्या.” यंत्रणा पुन्हा बाहेर. चार हातोड्या.

आता ऐकल्यावर पियानो तेवढाच भरलेला वाटतो, पण चेलोची कड दिसायला लागते. मी दोन्ही वेळा त्या खोलीत होतो. फरक कानाला अगदी स्पष्ट होता.

१०.४५
लाल दिवा लागतो. पहिले दोन टेक अख्ख्या भागाचे, मग तुकडे. स्पीकरमधून टोनमाइस्टरचा आवाज येतो: अमुक मात्रेपासून, गज थोडा आधी उचल, छान, आणखी एकदा.

बाई तिसऱ्या बाकावर, गुडघ्यांवर ब्लँकेट, पायांत फेल्टच्या सपाता. खोकायचं नाही, थर्मास उघडायचा नाही, कागद उलटायचा नाही. हातात पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा. एखाद्या स्वराच्या तीन तारांपैकी एक सुटली की त्या तिथे खूण करतात. दिवा विझला की उठतात, रबराची पाचर खोचतात, चावी लावतात, मिनिटाच्या आत परत. चर्चचं भाडं, टोनमाइस्टर, पियानो, सगळं दिवसाच्या हिशेबाने चालू असतं. वादकांनी यातले बरेच पैसे शिकवण्या करून साठवलेत.

१२.००
घंटा वाजते. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून पावणेबारालाच कॉफी.

१२.१५ ते १.१०
टेक सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. एका सुंदर टेकवर विमान येतं. तो टेक गेला.

१.१५
जेवण उभ्यानेच. ब्रेड, चीज, डब्यातलं मसुराचं सूप. बाई दहा मिनिटांत आटपतात, कारण पारा १६वर आलाय. वरचे स्वर किंचित चढलेत. पूर्ण ट्यूनिंगला वेळ नाही, मधली तीन सप्तकं तेवढी होतात.

२.२०
दुसरा, संथ भाग, अदाजिओ. हा सोनाटा ब्राम्सने १८८६च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडच्या थून सरोवराकाठी लिहिला, रोबेर्ट हाउसमानसाठी. हाउसमान इथे बर्लिनमध्येच शिकवायचा, व्हायोलिनवादक योआखिमच्या चौकडीत वाजवायचा. त्याचा चेलो दमदार होता म्हणतात, आणि ब्राम्सने त्याच्या भरवशावर पियानो मुळीच आवरला नाही. अदाजिओ मात्र चेलोच्या छेडलेल्या स्वरांनी सुरू होतो, गज बाजूला ठेवून. इथे पियानोची एक टणक हातोडी पुरते सगळं बिघडवायला. एकही टणक लागत नाही.

३.०५
पण काहीतरी झणझणतंय. पियानोच्या एका खालच्या ‘एफ शार्प’ला, अगदी बारीक. बाई पियानोखाली शिरतात. पेडल, स्क्रू, बिजागऱ्या. काही नाही. उठतात, पियानोवादकाला तोच स्वर वाजवत राहायला सांगतात आणि भिंतीकडेने चालू लागतात. दिव्यावर हात, खिडकीच्या गजावर हात, बाकावर हात. खांबापाशी थांबतात. रविवारच्या प्रार्थनेला कोणती स्तोत्रं म्हणायची त्यांचे आकडे लावलेला लाकडी फलक. त्यातल्या पत्र्याच्या पाट्या थरथरतायत. बाई हात ठेवतात, झणझण बंद. फोनने फलकाचा फोटो काढतात, पाट्या एकेक करून काढतात, रुमालात गुंडाळून बाकावर ठेवतात. दहा मिनिटं गेली. मागाहून झाडूनपुसून तो आवाज निघाला नसता, छेडलेल्या स्वरांच्या पोकळीत तो शेवटपर्यंत उघडा पडला असता.

३.२० ते ६.४०
टेक, दुरुस्ती, टेक. चेलोवाल्या मुलीची डाव्या हाताची बोटं लाल झालीत, टोकांवर तारेचे वळ. पाच वाजता ती बोटं कोमट पाण्यात बुडवते, पुसते, परत येते. तिसऱ्या भागात पियानोवादक घाम पुसतो, एवढ्या गारठ्यात. त्यानंतरचा एक टेक असा येतो की टोनमाइस्टर काही बोलतच नाही, आणि दोघं वादक स्पीकरकडे बघत राहतात. मग आवाज येतो: झाला.

६.४५
राहिलेले जोडतुकडे. कुठे चार मात्रा, कुठे एकच उडी.

७.३०
दिवा विझतो. बाई फोटो बघून पाट्या फलकात परत बसवतात, त्याच क्रमाने. पियानोवर कापड. सुया डबीत, पाचरा पिशवीत, चावी पेटीत. वहीत शेवटची नोंद: १५ अंश, ४५ टक्के.

७.५०
गाडीत बसून त्या बिल लिहितात. दिवसाचे सहाशे युरो, त्यावर १९ टक्के व्हॅट. घरच्या पियानोच्या साध्या ट्यूनिंगला दीडशेच्या आसपास मिळतात, तशी चार घरं दिवसात होतात आणि थंडीत बसावं लागत नाही. मग इथे का येता, असं मी विचारतो. “घरचा पियानो मी लावते आणि निघते,” त्या म्हणतात. “इथे मला दिवसभर ऐकायला मिळतं.” उद्या पावणेसातला परत यायचंय. शूमान.

असा अल्बम हातात आला तर पुस्तिकेचं शेवटचं पान बघा. वादक, टोनमाइस्टर, चर्च यांच्याखाली बारीक अक्षरात कित्येकदा पियानो लावणाऱ्याचंही नाव छापलेलं असतं. ते वाचा, आणि मग पहिला ट्रॅक लावा.