एका पदकाचा हिशेब

बर्फावरची माणसं : लेखांक ९

३१ जानेवारी १९५६. इटलीतल्या कोर्तिना दाम्पेत्सो इथल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लॅलम शर्यत संपली, तेव्हा ऑस्ट्रियाचा टोनी सायलर पहिला होता आणि त्यात कुणालाच नवल वाटलं नाही. त्या स्पर्धेत उतारावरच्या तिन्ही शर्यती त्यानेच जिंकल्या. नवल होतं ते दुसऱ्या नावाचं : चिहारू इगाया, जपान. हिवाळी ऑलिंपिकमध्ये जपानलाच काय, आशियातल्या कोणत्याही देशाला मिळालेलं ते पहिलं पदक. ही कथा सहसा चमत्कारासारखी सांगितली जाते. युद्धात होरपळलेल्या देशातला एक तरुण आल्प्सच्या राजांना भिडला आणि जिंकला, अशी. ऐकायला छान आहे, पण त्या पदकामागचे धागे उलगडले की चमत्कार उरत नाही. उरतो तो एक हिशेब, आणि मला तो चमत्कारापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

स्लॅलम म्हणजे उतारावर रोवलेल्या काठ्यांच्या जोड्यांमधून नागमोडी वळणं घेत खाली यायचं. त्या काळी या काठ्या बांबूच्या असत. एक जोडी चुकली की शर्यत संपली. दोन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करून क्रम ठरतो. इथे धाडसापेक्षा पायांची सवय मोठी, आणि ती सवय विशीत लागत नाही. इगायाचा जन्म १९३१ मध्ये कुनाशिरी बेटावर झाला. होक्काइदोच्या ईशान्येचं हे बेट १९४५ पासून रशियाच्या ताब्यात आहे. वडील कुनिओ इगाया मूळचे आकागी डोंगरातले. स्कीपायी झपाटलेला हा गृहस्थ बर्फ चांगला मिळेल तिथे बिऱ्हाड हलवी, स्वतः झोपडी उभारी, स्वतः उतार साफ करी आणि स्कीसाठी लागणारे लोकरी मोजेही स्वतःच विणी. आईही स्की करणारी. मुलाला शाळेआधी उतार भेटला. पण वडिलांचं वेड तरी कुठून आलं? १९११ मध्ये फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन मेजरने ताकादा इथल्या जपानी सैनिकांना स्की शिकवली आणि तिथून ती देशभर पसरली. १९३० मध्ये आर्लबेर्ग पद्धतीचा जनक हान्नेस श्नायडर स्वतः जपानला येऊन धडे देऊन गेला. म्हणजे कोर्तिनात आल्प्सला हरवणारं तंत्र मुळात आल्प्समधूनच आलेलं होतं.

तिसरा धागा पैशाचा. १९५२ च्या ऑस्लो ऑलिंपिकमध्ये इगाया स्लॅलममध्ये अकरावा आला. त्यानंतर विमा व्यवसायातले अमेरिकी उद्योगपती सी. व्ही. स्टार यांनी त्याला आधार दिला आणि तो न्यू हॅम्पशरमधल्या डार्टमथ कॉलेजात शिकायला गेला. तिथे प्रशिक्षक होता वॉल्टर प्रागर, दोनदा डाउनहिलचा जगज्जेता ठरलेला स्विस. चांगला बर्फ, तुल्यबळ स्पर्धक आणि शिक्षणाची चिंता नाही. १९५७ मध्ये इगाया तिथून पदवीधर झाला, म्हणजे कोर्तिनाचं पदक विद्यार्थिदशेतलंच. त्या काळचे हौशी खेळाडूंचे नियम किती दांभिक होते, तेही इथे दिसतं. खेळाडूने बक्षिसाचा रुपया घेतला की तो बाद, पण श्रीमंत आश्रयदात्याने कॉलेजचा खर्च उचलला तर चालतं.

मग हे पदक अमेरिकेचंच म्हणायचं का? असा आक्षेप घेता येईल, पण तो टिकत नाही. अमेरिकेकडे तेच उतार होते, तेच प्रशिक्षक होते आणि पैसा तर होताच. तरी अमेरिकी पुरुषांना उतारावरचं पहिलं ऑलिंपिक पदक मिळायला १९६४ उजाडावं लागलं. पैशाने अकराव्याला दुसरा करता येतं, शून्याला अकरावा करता येत नाही. तो अकरावा क्रमांक कुनिओंच्या झोपड्यांमधून आला होता. दुसरा आक्षेप नशिबाचा. शर्यतीनंतर अमेरिका आणि स्वीडनच्या चमूंनी तक्रार केली होती की, इगायाने एका जोडीत चूक केली. ती फेटाळली गेली. तिसऱ्या आलेल्या स्वीडनच्या स्टिग सोलांदरपेक्षा तो दीड सेकंदाने पुढे होता आणि स्लॅलममध्ये दीड सेकंद म्हणजे मोठं अंतर. (सायलर त्याच्याही पुढे चार सेकंद होता, हे मात्र विसरू नये.) शिवाय १९५८ च्या बाडगास्टाइन जागतिक स्पर्धेत त्याने स्लॅलमचं कांस्य मिळवलं. नशीब दोन वर्षांनी पुन्हा त्याच दारी येत नाही.

खरा अडचणीचा प्रश्न पुढचा आहे. पहिला निघाला, मग दुसरा का नाही? जपानमध्ये डोंगर कमी नाहीत, बर्फ तर अमाप. पण तिथला बर्फ मऊ आणि खोल. शर्यती होतात कडक, काचेसारख्या पृष्ठावर आणि बहुतांश युरोपात. तिथे हिवाळाभर मुक्काम ठोकायला दरवर्षी पैसा लागतो. इगायाला तो एका माणसाच्या खिशातून मिळाला. त्यामागे संस्था नव्हती, योजना नव्हती, म्हणून ती वाट त्याच्यामागे बुजली. जपानमध्ये गुणी खेळाडू पुढेही निघाले. २००६ च्या तुरीन ऑलिंपिकमध्ये केंतारो मिनागावा स्लॅलममध्ये चौथा आला, कांस्यपदक हुकलं ते अवघ्या तीन शतांश सेकंदांनी. इतक्या जवळ येऊन थांबणारा देश गुणवत्तेत कमी आहे असं म्हणता येत नाही. त्याला मागून रेटा देणारं कुणी नाही, इतकंच.

इगाया स्वतः पुढे स्टार यांच्याच विमा कंपनीत वरच्या पदापर्यंत चढला. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा सदस्य आणि २००५ ते २००९ या काळात उपाध्यक्ष झाला. २०१४ च्या हिवाळी स्पर्धांसाठी आलेल्या शहरांची तपासणी करणाऱ्या समितीचं अध्यक्षपदही त्याच्याकडे होतं. २०२२ च्या बीजिंग स्पर्धेपर्यंत उतारावरच्या शर्यतींमध्ये जपानच्या नावावर ऑलिंपिक पदक एकच होतं, १९५६ चं. पण बर्फावरच्याच दुसऱ्या एका खेळात १९७२ साली साप्पोरोमध्ये जपानने तिन्ही पदकं एकाच दिवशी घेतली. तिथे कोणती व्यवस्था उभी होती, ते पुढच्या आठवड्यात पाहू.