त्वचेवरील ताणाचे वण

मानवी त्वचेचे दोन मुख्य थर असतात. वरच्या पातळ थरास बाह्यत्वचा व खालच्या जाड थरास अंतस्त्वचा म्हणतात. अंतस्त्वचेतील कोलॅजनचे तंतू त्वचेला बळकटी देतात, तर इलॅस्टिनचे तंतू ताणलेली त्वचा पूर्ववत करतात. शरीराचा एखादा भाग थोड्या अवधीत फार वाढला म्हणजे तंतूंची ही जाळी ठिकठिकाणी विस्कटते. बाह्यत्वचा मात्र अखंड राहते. त्यामुळे रक्त येत नाही की जखम उघडी पडत नाही. आतल्या आत भरून आलेल्या या इजेची खूण म्हणजेच ताणाचा वण होय. आरंभी तो तांबूस किंवा जांभळट असतो, सावळ्या त्वचेवर कित्येकदा गडद तपकिरी दिसतो, आणि कालांतराने पांढुरका व किंचित खोलगट होतो.

गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत पोटावर व मांड्यांवर हे वण उमटतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते केवळ स्त्रियांनाच येतात असे नाही. पौगंडावस्थेत उंची झपाट्याने वाढू लागली म्हणजे मुलांच्या पाठीच्या खालच्या भागावर आडव्या रेघा दिसू लागतात. त्यांना माराचे वळ समजून घरच्या मंडळींवर विनाकारण संशय घेतला गेल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत; शिक्षकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. सारखाच ताण पडूनही एकास वण येतात व दुसऱ्यास येत नाहीत, यात आनुवंशिकतेचाही भाग असतो.

गर्भवतीने पोट खाजवल्यास रेघा उमटतात, असा समज घरोघरी आढळतो. वस्तुतः ताणलेली त्वचा खाजते, म्हणून हात तिकडे जातो. नखे वरवर ओरखडतात. ती अंतस्त्वचेतील तंतूंपर्यंत पोहोचत नाहीत. तेलाचेही तसेच आहे. गर्भारपणी लावावयाच्या मलमांविषयी झालेल्या सहा चाचण्यांचा एकत्रित आढावा 2012 साली कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. त्यांत 800 स्त्रियांचा समावेश होता. ही मलमे वण रोखतात, असा पुरावा त्यात मिळाला नाही. खोबरेल तेलाने त्वचेचा कोरडेपणा व खाज कमी होते, तेवढ्यासाठी ते अवश्य लावावे. महागड्या बाटलीकडून याहून अधिकाची अपेक्षा धरणे व्यर्थ होय.

वण नवा व लालसर असताना ट्रेटिनॉइन या औषधाने काही अंशी फिकट होतो. परंतु गर्भवतीने ते वापरू नये. लेसर किरणांनी लाली उतरते, तथापि सावळ्या त्वचेवर त्यामुळे काळसर डाग राहण्याचा संभव असतो, म्हणून ते काम अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाकडेच सोपवावे. वण समूळ नाहीसा करणारा उपाय अद्याप उपलब्ध नाही. बहुतेकांच्या बाबतीत काळच त्याचा रंग उतरवतो, आणि त्यापासून प्रकृतीस अपाय होत नाही.

एक प्रकार मात्र याहून वेगळा आहे. मूत्रपिंडांवर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसोल नावाचा स्राव निघतो. तो प्रमाणाबाहेर वाढला की नवे कोलॅजन तयार होणे मंदावते. अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी 1932 साली वर्णिलेल्या रोगात पोटावर रुंद जांभळे पट्टे उमटतात, ते याच कारणाने. अशा पट्ट्यांबरोबर चेहरा गोल होऊन सुजल्यासारखा दिसत असेल व अशक्तपणा असेल, तर डॉक्टरांस दाखविण्यास विलंब करू नये.

स्टेरॉइड मलमे हेच कार्य बाहेरून करतात. नायट्यावर किंवा गोरेपणासाठी कोणाच्या तरी सांगण्यावरून ही मलमे महिनोन्‌महिने चोळली जातात. जांघेत व काखेत त्वचा पातळ असते, औषध अधिक शोषले जाते आणि ठळक वण उमटतात. नायटा तर उलट पसरतोच. भारत सरकारने 2018 साली अशी 14 स्टेरॉइडे असलेली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. तरीही घरात अर्धवट वापरलेली एखादी नळी पडून असते. तिच्यावरील घटकांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे नाव आढळल्यास ती पुन्हा लावण्यापूर्वी डॉक्टरांस दाखवावी.